हत्तीपाय, तलाव आणि लसीका : झाडीपट्टीतील एका न मोजलेल्या रोगाचा इतिहास

१८८१ च्या जनगणनेत ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील माणसांची जात, धर्म, भाषा आणि व्यवसाय यांबरोबर चार व्यंगांचीही मोजणी केली : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग. १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी हेच चार रकाने भरले गेले. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. तेथील गावोगाव फिरणाऱ्या प्रगणकाला वाटेत सुजलेल्या, जाड झालेल्या पायांची माणसे दिसली असतील, तरी ती नोंदवायला त्याच्या कागदावर रकानाच नव्हता.

मृत्यूच्या नोंदवहीतही हा रोग सापडत नाही. पटकी, देवी, ताप, अतिसार यांनी माणसे मरत, म्हणून त्यांचे आकडे वर्षानुवर्षे जमा झाले आणि त्यांवर अहवालही निघाले. हत्तीपायाने माणूस सहसा मरत नाही. तो वीस-तीस वर्षे जगतो, शेतावर जाणे हळूहळू सोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातो. दफ्तरखान्यात बसून रोगांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे सतत लक्षात ठेवायला हवे. तेथे मरणाची कागदपत्रे भरपूर असतात, अपंग होऊन जगण्याची फार थोडी.

या धाग्यात त्याच रोगाची गोष्ट आहे. मात्र ती पायापासून सुरू होत नाही. हत्तीपाय हा नावापुरताच पायाचा रोग आहे. तो मुळात लसीकातंत्राचा रोग आहे. म्हणून आधी ते तंत्र समजून घेणे भाग आहे.

रक्त हृदयातून निघते, रोहिण्यांतून केसांहून बारीक केशवाहिन्यांत पोहोचते आणि नीलांतून परत येते, एवढे शाळेत शिकवले जाते. जे सहसा सांगितले जात नाही ते असे, की या केशवाहिन्या पाझरतात. दिवसभरात सुमारे २० लिटर द्रव त्यांच्या भिंतींतून बाहेर पडून पेशींच्या आसपासच्या जागेत उतरतो. त्यातील सुमारे १७ लिटर पुन्हा रक्तात शिरतो, असा पाठ्यपुस्तकांतला ढोबळ हिशेब आहे. उरलेल्या सुमारे ३ लिटरांचे काय? त्यात प्रथिने असतात, मेलेल्या पेशींचे तुकडे असतात, कधी जंतूही असतात. हा द्रव जागीच राहिला, तर काही दिवसांतच शरीर फुगेल. तो गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या वाहिन्यांचे जाळे म्हणजे लसीकातंत्र, आणि त्यातून वाहणारा फिकट पिवळसर द्रव म्हणजे लसीका.

गोंदियाच्या वाचकाला हे समजायला परदेशी उदाहरणाची गरज नाही. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सरकारी कागदावरचे ‘मामा तलाव’, त्याने पाहिलेले असतात. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, तेथून बोडीत, बोडीतून बांधीत आणि शेवटी नाल्याला जाते. वाट एकच आणि एकाच दिशेची. एखाद्या ठिकाणी ती बुजली, की वरची बांधी कुजते. लसीकावाहिन्यांतही ठिकठिकाणी झडपा असतात आणि त्या लसीकेला मागे येऊ देत नाहीत. तिला ढकलायला हृदयासारखा पंप मात्र नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे स्वतःचे आकुंचन, श्वासाची हालचाल आणि चालताना पोटऱ्यांच्या स्नायूंचा पडणारा दाब यांवर ती वर चढते. दिवसभर उभे राहिलेल्या किंवा पाय लोंबकळत बसलेल्या माणसाचे घोटे सुजतात, त्यामागे हेही एक कारण असते.

या वाटेवर नाकी आहेत : लसीकाग्रंथी. माणसाच्या शरीरात त्या पाच-सहाशे असतात. जांघ, काख, मान आणि पोटात त्यांची दाटी असते. प्रत्येक ग्रंथीत लसीका गाळली जाते आणि पांढऱ्या पेशी तिच्यातील जंतूंना गाठतात. पायाला काटा रुतून जखम चिघळली, की जांघेत गाठ येते. मराठीत तिला ‘अवधाण’ म्हणतात. पायाच्या जखमेचा जांघेशी काय संबंध, हे आजीला शरीरशास्त्र न शिकता ठाऊक होते आणि भाषेत त्यासाठी वेगळा शब्दही होता. दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी बाजू यांतील लसीका छातीतील एका मोठ्या वाहिनीत, म्हणजे वक्षवाहिनीत, एकत्र होते आणि मानेच्या डाव्या बुडाशी मोठ्या नीलेत जाऊन पडते. आतड्यात शोषलेली चरबीही याच मार्गाने रक्तात येते. प्लीहा, टॉन्सिल आणि लहान मुलांच्या छातीतील थायमस ग्रंथी हीसुद्धा याच कुटुंबातील मंडळी.

हे जाळे युरोपीय शरीरशास्त्रज्ञांच्या हाती फार उशिरा लागले, आणि लागले तेही अपघाताने. २३ जुलै १६२२ रोजी इटलीत गास्पारे आसेल्ली याने नुकतेच पोटभर खाल्लेले एक जिवंत कुत्रे चिरले. आतड्याभोवतीच्या पडद्यावर त्याला पांढरे धागे दिसले. मज्जातंतू असावेत असे समजून त्याने एकाला चीर दिली, तर आतून दुधासारखा द्रव आला. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. कुत्रे उपाशी असते तर त्या वाहिन्या रिकाम्या, पारदर्शक राहिल्या असत्या आणि आसेल्लीला काहीही दिसले नसते. ज्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले, त्यालाही या वाहिन्यांचे महत्त्व पटले नाही. १६५१ मध्ये झाँ पेके याने वक्षवाहिनी शोधून हा द्रव यकृतात न जाता सरळ नीलेत पडतो, हे दाखवले. पाठोपाठ स्वीडनमध्ये ओलोफ रुडबेक आणि डेन्मार्कमध्ये थॉमस बार्तोलिन यांनी सर्वांगातील लसीकावाहिन्या ओळखल्या. रुडबेकने १६५२ मध्ये राणी क्रिस्टिनासमोर प्रात्यक्षिक केले होते, पण बार्तोलिनचे पुस्तक आधी छापले गेले, आणि श्रेयासाठी दोघांत चांगलीच जुंपली. रक्त यकृतात तयार होते, ही गॅलेनपासून चालत आलेली समजूत त्यामुळे मोडली. बार्तोलिनने यकृताच्या नावाने थट्टेचा मृत्युलेखच लिहिला. पंडितांची भांडणे अशी रंजक असली, तरी या सगळ्यातून हत्तीपायाचे कारण कोणाला कळले नव्हते. वाहिन्या सापडल्या होत्या. त्या बुजवतो कोण, हा प्रश्न आणखी दोनशे वर्षे कोणी नीट विचारलाही नाही.

आपल्याकडे वाहिन्यांचे ज्ञान नव्हते, परंतु रोगाचे निरीक्षण फार पूर्वीचे आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील बाराव्या अध्यायात ‘श्लीपद’ हा रोग येतो, तोही अंडवृद्धीच्या शेजारीच. त्यात म्हटले आहे, की जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत थंडावा असतो, अशा प्रदेशांत श्लीपद विशेषेकरून होते. एक वर्षाहून जुने झालेले, वारुळासारखे वाढलेले श्लीपद वैद्याने हाती घेऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. पुढे माधवनिदानात लक्षणांचा क्रम आला : ताप, जांघेत वेदनायुक्त सूज आणि मग ती सूज क्रमाने पायात उतरणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. सूज पायापासून वर चढते असे कोणालाही वाटेल. ती जांघेतून सुरू होते, हे नोंदवायला रुग्ण पहिल्या तापापासून पाहावा लागतो. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सूक्ष्म कृमी आणि डास ठाऊक होते, असा अजिबात नाही. समाजमाध्यमांवर असे दावे फिरतात, ते सोडून द्यावेत. त्यांनी साचलेल्या पाण्याचा आणि रोगाचा संबंध पाहिला. मधला दुवा त्यांच्याकडे नव्हता, आणि १८७७ पर्यंत तो जगात कोणाकडेच नव्हता.

त्या दुव्याचा पहिला मोठा भाग हिंदुस्थानातच मिळाला. पॅरिसमध्ये १८६३ मध्ये आणि ब्राझीलमध्ये १८६६ मध्ये रुग्णांच्या शरीरातील द्रवांत अतिसूक्ष्म कृमी दिसले होते. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस या लष्करी डॉक्टरला ते थेट माणसाच्या रक्तात सापडले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्टने पूर्ण वाढलेली मादी शोधली, आणि कृमीच्या नावात त्याचे नाव कायमचे राहिले : वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय. पांढऱ्या दोऱ्यासारखी ही मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, नर तिच्या निम्म्याहून लहान. ही जोडपी राहतात कोठे, तर लसीकावाहिन्यांत. सहा-आठ वर्षे ती तेथे जगतात आणि या काळात लक्षावधी पिल्ले रक्तात सोडतात. कृमींच्या वास्तव्याने वाहिन्या फुगतात, झडपांची पाती जुळेनाशी होतात आणि लसीका खाली साचू लागते. बांधीतले पाणी निघाले नाही तर मुळे कुजतात. तसेच साचलेल्या लसीकेने त्वचा जाड होते, तिला घड्या पडतात आणि चिरा जातात. पुरुषांत हाच द्रव अंडकोषाभोवती साचतो. पाय लपवता येत नाही. अंडवृद्धी लपवली जाते, आणि म्हणून तिची गणती आणखीच अपुरी राहते.

१८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनने हिन-लो नावाच्या आपल्या बाधित माळ्याचे रक्त डासांना पिऊ दिले आणि नंतर ते डास फाडून पाहिले. कृमींची पिल्ले डासाच्या शरीरात वाढत होती. कीटकाच्या अंगात माणसाच्या रोगाचा परजीवी वाढतो, हे प्रथमच दिसले. तरीही मॅन्सनची एक समजूत चुकीची राहिली : डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे त्याला वाटे. डासाच्या सोंडेतूनच कृमी माणसात येतात, हे १९०० मध्ये लंडनमध्ये जॉर्ज लो आणि हिंदुस्थानात एस. पी. जेम्स यांनी दाखवले. दरम्यान याच मॅन्सनच्या प्रेरणेने रोनाल्ड रॉसने ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत हिवतापाचा परजीवी डासात शोधला होता. हिवतापाची कथा सर्वांना ठाऊक असते. ती ज्या रोगावरून सुचली, तो मात्र विस्मरणात गेला.

मॅन्सननेच आणखी एक विलक्षण गोष्ट पाहिली. कृमींची पिल्ले दिवसा रक्तात जवळजवळ सापडत नाहीत. संध्याकाळनंतर ती वाढत जातात, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि पहाटे पुन्हा फुप्फुसांतील खोल वाहिन्यांत दडतात. त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डासही रात्री चावतो. म्हणूनच हत्तीरोग पथकाचे कर्मचारी रात्री दारोदार फिरून बोटाला सुई टोचून रक्त घेतात आणि हत्तीरोगाचे दवाखाने रात्री चालतात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटके रंगतात. रक्तनमुना घेण्याची योग्य वेळ म्हणजे बरोबर नाटकाचा दुसरा-तिसरा अंक.

आता तलावांकडे. गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख आणि सुश्रुताने सांगितले साचलेले पाणी, तेव्हा रोगाचे खापर तलावांवर फोडण्याचा मोह होतो. हा आरोप तपासला पाहिजे, कारण हे तलाव या प्रदेशाच्या इतिहासातील फार मोठे काम आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने तलाव बांधण्याची विद्या येथे रुजवली. गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी परंपरा आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा सात टेकड्यांच्या कुशीतील तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात मालगुजारांनी ही तळी सांभाळली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची जुनी घडी विस्कटली.

या तलावांवर गुन्हा सिद्ध होत नाही. क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस ही डासाची जात मुख्यतः घाण, कुजक्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या पाण्यात अंडी घालते : तुंबलेली गटारे, शौचालयांच्या टाक्या, सांडपाण्याचे खड्डे, वापरात नसलेल्या विहिरी. मासे असलेला, वाऱ्याने हलणारा, उघडा तलाव तिला सोयीचा नाही. १८८० च्या दशकात नागपूरकडून लोहमार्ग आला, गोंदिया जंक्शन झाले, भातगिरण्या आणि विडीचे कारखाने उभे राहिले, वस्ती दाटली. पण हिंदुस्थानातील बहुतेक वाढत्या गावांप्रमाणे सांडपाण्याची व्यवस्था वस्तीच्या मागेच राहिली. डासाला हवे होते ते पाणी वस्तीच्या उंबऱ्याशी होते, तलावाच्या पाळीपलीकडे नव्हे. तलाव बुजवून त्यावर वस्ती आणि गटार आणणे म्हणजे या डासाला आमंत्रणच. हत्तीरोग पथके डबक्यांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडतात, त्यामागचा विचार हाच आहे : पाणी नष्ट करायचे नाही, ते जिवंत ठेवायचे.

औषध १९४७ मध्ये आले : डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी. ते रक्तातील पिल्ले मारते. १९५५ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आधी सर्वांना गोळ्या देण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्या रक्तात कृमी होते त्यांना गोळीनंतर ताप, डोकेदुखी, मळमळ झाली आणि लोक बिथरले. मग कार्यक्रमाचा भर डासांच्या अळ्या मारण्यावर आला आणि त्याची पथके प्रामुख्याने शहरांत राहिली. खेडी अनेक दशके बाहेरच होती. ही कार्यक्रमाची सर्वांत मोठी त्रुटी म्हणावी लागेल. पूर्व विदर्भात बहुसंख्य लोक खेड्यांतच राहत होते. या काळात वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमीच्या प्रतिजनांवरून रोग ओळखण्याच्या चाचण्यांवर दीर्घकाळ काम केले. प्रतिजन रक्तात दिवसाही असते, त्यामुळे अशा चाचण्यांना मध्यरात्रीची वाट पाहावी लागत नाही.

जागतिक आरोग्य परिषदेने १९९७ मध्ये या रोगाच्या उच्चाटनाचा ठराव केला. गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच्या वाट्याला तलावही आले आणि हा रोगही. २००४ पासून देशभर बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. पुढे डीईसीबरोबर अल्बेंडाझोल आले, आणि २०१८-१९ मध्ये आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधांचा प्रयोग देशातील ज्या पाच जिल्ह्यांत झाला, त्यांत नागपूर होता. उच्चाटनाचे राष्ट्रीय लक्ष्य आधी २०१५ होते. आता ते २०२७ आहे. चीनने हे काम २००७ मध्ये पूर्ण केले, श्रीलंका आणि मालदीव यांनी २०१६ मध्ये.

भारतात ते का रखडले, याचे एक कारण पुन्हा लसीकातंत्रातच आहे. कृमी वाहिनीत बसल्यापासून पाय सुजेपर्यंत अनेक वर्षे जातात. या काळात माणूस धडधाकट दिसतो आणि त्याच्याच रक्तातून डास पिल्ले उचलत राहतात. आशाताई दारात गोळ्या घेऊन येते तेव्हा तो म्हणतो, ‘मला काय झालंय?’ आणि गोळ्या फडताळात ठेवून देतो. वाटलेल्या गोळ्या आणि गिळलेल्या गोळ्या यांतील अंतर सरकारी तक्त्यात बराच काळ दिसत नव्हते. आता नियम असा आहे, की गोळ्या काही खाल्ल्यानंतर आणि कर्मचाऱ्याच्या समोरच घ्यायच्या. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. गोळीनंतर ताप आलाच, तर तो बहुधा कृमी मरत असल्याचा असतो. १९५५ नंतर हे लोकांना वेळीच समजावून सांगितले असते, तर कदाचित मोहिमेची दिशा वेगळी राहिली असती.

आणि ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांचे काय? बिघडलेल्या झडपा गोळीने पूर्ववत होत नाहीत. तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे. सुजलेल्या पायाला वारंवार जो ताप आणि लाली येते, ती प्रामुख्याने कृमींमुळे नसून त्वचेच्या चिरांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येते. प्रत्येक हल्ल्यात आणखी वाहिन्या निकामी होतात आणि सूज एक पायरी वर चढते. म्हणून रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या नीट पुसून कोरड्या करणे, चिखल्यांना मलम लावणे, रात्री पाय उशीवर उंच ठेवणे आणि घोट्याचा व्यायाम करणे, एवढ्यानेच हे हल्ले पुष्कळ कमी होतात. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे. भाताच्या मुलखात यातील ‘कोरडे ठेवणे’ हेच सर्वांत अवघड आहे. पावसाळ्यात पऱ्हे उपटण्यापासून रोवणी संपेपर्यंत बायामाणसे दिवसचे दिवस बांधीतल्या चिखलात पोटरीभर उभी असतात, आणि सुजलेला पाय घेऊन रोवणीला जाणाऱ्या बाईला त्या महिन्यात घरी बस, असे सांगणे म्हणजे वर्षाच्या मजुरीतील मोठा वाटा सोड, असे सांगणे असते.